मदत हवी आहे: फंड मोडून कर्ज फेडू का?

अडकलेला: चार दिवसांवर हप्त्याची तारीख आली आहे म्हणून थेट विचारतो. दीड वर्षापासून पगाराचा दहावा हिस्सा इंडेक्स फंडात (शेअर बाजाराच्या निर्देशांकामागे चालणारा फंड) टाकतोय. आता दोन पगारांएवढे जमलेत. डोक्यावर कर्जही आहे. घरात रोज यावरून वाद. फंड मोडून कर्ज फेडू का? हो की नाही, एवढंच सांगा.

रेघोट्या: कर्ज कसलं? व्याजदर किती? किती बाकी आहे? अडीनडीला बाजूला काही ठेवलंय का?

शांतपाणी: अजिबात मोडू नका. २००८ साली बाजार कोसळला तेव्हा मी घाबरून सगळं विकलं आणि परत शिरायचं धाडस कित्येक वर्षं झालं नाही. आजही सलतं. चक्रवाढीला वेळ द्यावा लागतो.

रेघोट्या: शांतपाणी, तुम्ही भीतीपोटी विकलंत. इथे तसं नाही. आणि चक्रवाढ कर्जालाही लागते.

अडकलेला: तीन कर्जं आहेत. क्रेडिट कार्डाचं दीड पगाराएवढं, वैयक्तिक कर्ज पाच पगारांएवढं (१४ टक्के), गाडीचं थोडंच राहिलंय (९ टक्के). बचत खात्यात एक पगार. कार्डाचं व्यवस्थित भरतो, एकदाही चुकलेलं नाही.

हिशेबी: व्यवस्थित म्हणजे पूर्ण बिल की मिनिमम ड्यू, म्हणजे बिलावरची किमान रक्कम?

अडकलेला: मिनिमम. दंड लागत नाही ना मग?

हिशेबी: दंड लागत नाही, व्याज लागतं. खरी गळती तिथेच आहे. स्टेटमेंटवर महिन्याचा दर बघा. समजा ३ टक्के असेल, तर तो वर्षाला ३६ नाही, चक्रवाढीने साधारण ४२.६ टक्के होतो. आता बिलाच्या ५ टक्के भरले असं धरा. १०० चे व्याजासकट १०३ होतात, त्यातले ५.१५ तुम्ही भरता, उरतात ९७.८५. म्हणजे एकही नवी खरेदी न करता बाकी अर्ध्यावर यायला ३२ महिने. शिवाय बाकी पुढे ओढली की नव्या खरेदीवरची बिनव्याजी मुदत सहसा जाते. कार्ड अजून वापरताय का?

अडकलेला: हो, किराणा त्यावरच.

हिशेबी: आजपासून बंद करा. फंडातून दीड पगार काढून कार्ड पूर्ण मिटवा. एवढा परतावा खात्रीने देणारा फंड कुठेच नाही. विकण्याआधी एक्झिट लोड (लवकर विकल्यास फंड कापतो ते शुल्क) आणि कर तेवढा तपासा. बचत खात्यातल्या पगाराला हात लावू नका, नाहीतर पुढच्या अडचणीत पुन्हा कार्डच काढाल.

पायरी_पायरी: मी असते तर आधी गाडीचं संपवलं असतं. सगळ्यात लहान कर्ज आधी. एक खातं बंद झालं की हुरूप येतो. माझी चार कर्जं अशीच फिटली.

हिशेबी: ताई, ९ टक्क्यांचं फेडताना ४२ टक्क्यांचं वाढतं. हुरूप महाग पडतो.

पायरी_पायरी: आकड्यांनीच माणूस सुधारत असता तर कर्ज झालंच नसतं. टिकून राहणं महत्त्वाचं.

रेघोट्या: दोघांचंही पटतं, पण यांचं कार्ड एका फटक्यात मिटतंय. हुरूपही त्यातूनच येईल.

दूरदृष्टी: सगळे पैसे एकाच इंडेक्स फंडात? अर्थशास्त्रज्ञ हॅरी मार्कोविट्झ यांनी १९५२ मध्येच दाखवलं की एकत्र न हलणाऱ्या मालमत्ता मिसळल्या की जोखीम कमी होते. रोखे घ्या, थोडं सोनं घ्या. मुदत विमा आहे का?

अडकलेला: हे मी विचारलेलंच नाही हो.

रेघोट्या: विम्याचा प्रश्न मात्र रास्त आहे. घरात कोणी तुमच्या पगारावर अवलंबून असेल तर कार्ड मिटल्यावर तो बघाच.

अडकलेला: स्टेटमेंट उघडलं. दर महिना ३.४ टक्के. किराण्यावर खरेदीच्या दिवसापासून व्याज लावलंय. इतके महिने मी हे पानच उलटलं नव्हतं. विक्रीची विनंती आत्ताच टाकली. पैसे खात्यात यायला किती दिवस?

हिशेबी: शेअर बाजाराच्या फंडाला कामकाजाचे काही दिवस लागतात. पैसे वेळेत आले नाहीत तर मिनिमम भरून टाका, उरलेलं आल्या दिवशी. तारीख चुकवू नका.

अडकलेला: आणि वैयक्तिक कर्ज आधी फेडलं तर दंड?

पायरी_पायरी: करारात मुदतपूर्व परतफेडीचं कलम आणि शुल्कांचा तक्ता असतो. तो काढून दर इथे टाका, मग बघू.