शब्द हवा : एमाची 'इव्रेस'

रानजाई : फ्लोबेरच्या 'मादाम बोव्हारी' (१८५७) या फ्रेंच कादंबरीचं मराठी भाषांतर करतेय. त्यात लग्नानंतर नायिका एमाला प्रश्न पडतो, की पुस्तकांत इतके सुंदर वाटलेले 'फेलिसिते', 'पासिओं' आणि 'इव्रेस' हे शब्द जगताना नेमके कशाला म्हणायचे? पहिल्याला 'परमसुख' लावलं, दुसऱ्याला 'उत्कटता'. तिसऱ्यापाशी (शब्दशः 'नशा') आठवडाभर अडले आहे. 'उन्माद' लिहिलं, तर संपादकबाईंनी खोडलं.

जुनापुराणा : कैफ! चढतोही, उतरतोही.

सदाफुली : कैफ अरबी. घरात 'मद' असताना उसनवारी कशाला?

जुनापुराणा : मद हत्तीला येतो, सत्तेचा चढतो. प्रेमात पडलेल्या बाईला 'मद चढलाय' म्हटलं तर ती शिवी होईल.

माडाखालचा : आमच्या वेंगुर्ल्याकडे माडी घेतली की 'झिंग' येते. अस्सल मराठी.

रानजाई : झिंगेला वास येतो हो. एमाला हा शब्द भेटला रुआं शहरातल्या कॉन्व्हेंटात, शिकत असताना. दर महिन्याला आठवडाभर शिवणटिपणाला येणारी एक म्हातारी एप्रनच्या खिशातून कादंबऱ्या आणून मोठ्या मुलींना चोरून द्यायची. हा शब्द त्या खिशातला आहे.

माडाखालचा : पण वास फ्रेंचमध्येही आहेच! 'इव्र' म्हणजे प्यायलेला, 'इव्रोन्य' म्हणजे बेवडा. पिऊन गाडी चालवली तरी पोलीस 'इव्रेस'च लिहितात. कवितेत आणि गुत्त्यात एकच शब्द. नुसता कवितेतला उचललात तर एमाच्या प्रश्नातला अर्धा जीव जाईल.

सदाफुली : मग 'धुंदी' घ्या. मोतीबिंदू झाल्यावर आजी म्हणायची, 'डोळ्यांवर धुंद आलीय.' सुईत दोरा ओवायला सुई अगदी नाकाशी धरायची. न दिसणं आणि नशा, दोन्ही आलं. मूळ 'धूम + अंध' असणार.

जुनापुराणा : ध्वनी जुळले म्हणजे व्युत्पत्ती होत नाही. शिवाय भावगीतांनी 'धुंदी' पार गुळगुळीत करून टाकलीय.

रानजाई : म्हणूनच ती हवीशी वाटतेय. एमालाही तो शब्द असाच, दुसऱ्यांनी वापरून वापरून गुळगुळीत झालेला मिळाला होता.

पानगळ : धुंदीचं बघाल नंतर. 'फेलिसिते'चं 'परमसुख' केलंत, मग एमाच्या मोलकरणीचं काय? चौदा वर्षांच्या त्या अनाथ पोरीचं नावच फेलिसिते आहे. एमा आर्सेनिक खाऊन गेल्यावर तीच बाईसाहेबांचे कपडे घालून घरात वावरते, आणि उरलेसुरले घेऊन पळून जाते. हा दुवा मराठीत कसा आणणार?

सदाफुली : विशेषनामांचं भाषांतर करू नये.

माडाखालचा : का नाही? आमच्या वाडीत एक सुखाबाई होती. जन्मभर दुसऱ्यांची भांडी घासली तिनं.