अकी मात्सुरी खोटी आणि आपला गणपती खरा? जरा थांबा

बेलव्ह्यूकर
काल इथे रेडमंडी यांनी लिहिलं की सिअ‍ॅटलजवळच्या आपल्या बेलव्ह्यूत, कॉलेजात सप्टेंबरात भरणारी अकी मात्सुरी, म्हणजे जपान्यांचा शरदातला उत्सव, हा नुसता फॅन्सी ड्रेस आहे. मिकोशी, म्हणजे त्यांची देवाची पालखी, उचलणाऱ्यांत निम्मे गोरे, किमोनोतल्या बायका जपानी नाहीत, मोची म्हणजे चिकट तांदळाचे गोळे कुटतात ते पण भलत्याच महिन्यात. आणि वर शेवटी "त्यापेक्षा आपला पार्किंग लॉटमधला गणपती खरा, निदान माणसं तरी आपली असतात". वाचलं आणि रात्री झोप लागेना. चार ओळींत मावेना म्हणून वेगळा धागा काढलाय.

आपण सगळे इथे आलो ते नोकरीमागे, त्यामुळे आपल्याला वाटतं हे गाव म्हणजे काचेच्या इमारती आणि टेस्ला. ही जमीन साफ कोणी केली? जंगलतोड झाल्यावर जे बुंधे उरले होते ते जपानी शेतकऱ्यांनी सुरुंग लावून, घोडे जुंपून काढले आणि तिथे स्ट्रॉबेरी लावली. 1921 च्या वॉशिंग्टन राज्याच्या कायद्याने त्यांना जमीन विकतही घेता येईना आणि खंडानेही धड मिळेना, तरी टिकून राहिले. 1925 पासून बेलव्ह्यूत स्ट्रॉबेरी फेस्टिवल भरायचा, लांबून लोक यायचे, फळ मुख्यतः यांच्याच मळ्यातलं. मग जपानशी युद्ध पेटलं आणि 1942 च्या मे महिन्यात सरकारने जपानी म्हणून साठेक कुटुंबं शेजारच्या कर्कलंडहून आगगाडीत बसवली आणि कॅलिफोर्नियातल्या पाइनडेलला नेली, तिथून टूल लेकच्या कैदेच्या छावणीत. फेस्टिवल त्याच वर्षी बंद पडला, पिकवणारेच तारेच्या कुंपणात तर भरवणार कोण. युद्धानंतर परतले ते मोजकेच. जपान्यांविरुद्ध लीग चालवणारा मिलर फ्रीमन, त्याच्याच मुलाने 1946 मध्ये बेलव्ह्यू स्क्वेअर उघडला, जिथे आपण दिवाळीची खरेदी करतो.

त्या गावात आज मिकोशी निघते आणि शेजारचा गोरा माणूस तिला खांदा देतो. मला तर तो खांदा बघून भरून येतं. तुम्हाला त्यात नकली काय दिसलं?

आणि मोची. एकदा मी तिथे पंधरा मिनिटं खिळून उभा होतो. वाफाळलेला चिकट तांदूळ लाकडी उखळात, एक जण मोठा लाकडी हातोडा घालतोय आणि दुसरी बाई दर दोन घावांच्या मध्ये ओला हात आत घालून गोळा उलटवतेय. हात काढायला उशीर झाला तर बोटं गेलीच. दोघं एकमेकांकडे बघतसुद्धा नव्हते, फक्त तोंडाने ठेका. माझी आजी पोहे कांडायची तेव्हा आई अशीच उखळात हात घालून सारायची, मुसळ वर गेलं की हात आत. चिपळूणचं आमचं माजघर आठवलं एकदम. महिना कुठला होता ते मी बघितलं नाही.

रेडमंडी
पोस्ट माझीच, आणि एक शब्द मागे घेत नाही. 1942 ला जे झालं तो अन्यायच, कोण नाही म्हणतंय? पण त्या अन्यायामुळे आजचा कार्यक्रम आपोआप अस्सल होत नाही. माझ्या टीममध्ये एक जण नागोयाचा आहे, त्याला म्हटलं चल, तर म्हणाला ते अमेरिकन लोकांसाठी असतं, मी घरी झोपतो. आता बोला. ज्याची संस्कृती तोच येत नाही. मी स्वतः गेलो तेव्हा सगळ्यात मोठी रांग खाण्याची होती, चहाविधीच्या खोलीत मोजून बारा माणसं.

बेलव्ह्यूकर
चहाविधीला माणसं मोजूनच घेतात हो, छोट्या खोलीतच करायचा विधी आहे तो. आणि त्या खाण्याच्या रांगेतल्या तेरियाकीला, म्हणजे गोडसर सॉस लावून भाजलेल्या मांसाला, हसू नका, सिअ‍ॅटलची तेरियाकी ही इथेच तयार झालेली चीज आहे, तोशिहिरो कासाहारा नावाच्या माणसाने 1976 ला दुकान काढलं तिथपासून. तुमचा नागोयावाला चार वर्षांसाठी आलेला, त्याला घरी परत जायचंय. ज्यांचे पणजोबा इथे पुरलेत त्यांना हा उत्सव लागतो. तुमच्या टीममधल्या एकाला विचारून अख्ख्या समाजाचा निकाल लावला तुम्ही.

निशीकासाईची काकू
अकरा वर्षं तोक्योत आहे म्हणून लिहिते. रेडमंडींचं अर्धं बरोबर आहे. इकडे अकी मात्सुरी म्हणजे आपापल्या भागातल्या देवळाची, पीक हाती आल्यावर देवाचे आभार मानायची. मिकोशीत देव बसवतात, वस्तीतून फिरवतात, पुन्हा देवळात नेतात. देव नसेल तर ती नुसती पालखीची चौकट. मोची पण इथे वर्षअखेरीला कुटतात, नव्या वर्षासाठी. हे सांगितलंच पाहिजे, नाहीतर बेलव्ह्यूत बघितलं तेच खरं असं मुलांना वाटेल.

पण निम्मे गोरे म्हणून नाकं मुरडू नका. जपानातच कितीतरी गावांत मिकोशी उचलायला तरुण उरलेले नाहीत, बाहेरगावची मंडळं बोलवावी लागतात. आमच्या गल्लीच्या मिकोशीला माझे यजमान तीन वर्षं खांदा देतायत, पहिल्या वर्षी खांद्याला हे एवढं काळंनिळं झालं होतं, आणि शेजारच्या ऐंशीच्या आजोबांनी स्वतः हळहळत मलम आणून दिलं. आमच्या याच एदोगावा वॉर्डात 2019 ला योगेंद्र पुराणिक नगरसेवक म्हणून निवडून आले. बाहेरचा कोण आणि आतला कोण हे इतकं सोपं नाही राहिलं.

मूळपुरुष
सगळे मुळावर घाव घालायचं सोडून फांद्या मोजतायत. जपान्यांचे देव कोणाचे? बेंझाइतेन म्हणजे सरस्वती, कांगितेन म्हणजे आपला गणपती. म्हणजे मूळ उत्सव आपलाच. हे कोणी त्या कार्यक्रमात सांगतं का? एक फलक तरी लावतात का? आपणच आपलं सांगत नाही म्हणून जग पुढे जातं.

निशीकासाईची काकू
आसाकुसाजवळ मात्सुचियामा शोदेन म्हणून देऊळ आहे, तिथे कांगितेन आहे, मी दर वर्षी जाते. तिथे मोदक नाही, मुळा वाहतात. पांढरा लांब दाइकोन, हातात घेऊन लोक रांगेत उभे असतात. मूर्ती दाखवत नाहीत, झाकलेलीच असते. इतक्या शतकांत त्यांनी त्याला स्वतःचा केला, आणि तिथल्या पुजाऱ्याला विचारलं तर तो भारताचं नाव आदराने घेतो, लपवत नाही कोणी. मी मुळा वाहते आणि मनात अथर्वशीर्ष म्हणते, दोघांनाही चालतं. तुम्ही फलक लावायचं काय घेऊन बसलात.

मूळपुरुष
मुळ्याचं माहीत नव्हतं. बाकी माझा मुद्दा तोच आहे.

कोथरूड ते कर्कलंड
मला वेगळंच म्हणायचंय. माझी मुलगी पंधरा वर्षांची, दोन वर्षं तायको, म्हणजे जपानी ढोल, शिकते. घरात ढोल आहे, मी स्वतः पुण्यात नऊ वर्षं पथकात वाजवलाय, लक्ष्मी रोडला रात्रभर उभा राहिलोय, आणि पोरगी तायकोला जाते. आधी फार लागलं मनाला. मग एकदा तिच्या प्रॅक्टिसला बसलो. आधी वीस मिनिटं फक्त उभं कसं राहायचं, गुडघा किती वाकवायचा. मग सगळ्यांनी मिळून फरशी पुसली. मग ढोल. चूक झाली की गुरू थांबवतात, पण आवाज चढवत नाहीत. आपल्या इथल्या पथकात ती दोनदा आली, दोन्ही वेळा तिला मागे उभं केलं आणि शेवटी झांज दिली, का तर ढोल कमी आहेत आणि कमिटीवाल्यांच्या मुलांचे आधी.

ताशा
हे वाचून डोकं फिरलं. पथक मी बघतो, तुमची मुलगी कोण ते मला माहीत आहे. दोनदा आली आणि तिसऱ्यांदा आलीच नाही, तुम्ही फोनही केला नाहीत. झांज सगळ्यांना आधी देतो, माझ्या मुलाला पण दीड वर्षं झांजच होती, विचारा त्याला. तायकोला दोन वर्षं दिलीत, आम्हाला दोन रविवार. आमच्याकडे हॉल नाही, पावसात पार्किंग गॅरेजमध्ये वाजवतो, शेजारी तक्रार करतात, पोलीस दोनदा येऊन गेले. पुण्याहून ढोलाची पानं मागवायची, ताणायला माणसं दोनच. आणि तुम्ही नऊ वर्षं वाजवलंय म्हणता, मग एकदा तरी आलात का शिकवायला?

कोथरूड ते कर्कलंड
बोलावलंत का कधी? व्हॉट्सअ‍ॅपवर सरसकट मेसेज म्हणजे बोलावणं नव्हे.

पिठलंभाकरी
दोघंही आवरा. पण विषय निघालाच तर मी बोलणार. मंडळात सात वर्षं राबलेय. गणपतीला चारशे पानं उठतात आणि नंतर खुर्च्या उचलायला आम्ही पाच बायका. नवरे लोक गाडीत एसी लावून बसतात. मागच्या वर्षी रात्री साडेअकराला मी आणि एक ताई मसालेभाताचं पातेलं घासत होतो, कमिटीचे ग्रुप फोटो बाहेर चाललेले. मग मी सप्टेंबरात मात्सुरीला गेले तर एक सत्तरीच्या बाई हातमोजे घालून कचरापेटीपाशी उभ्या, कुठलं ताट कुठल्या डब्यात ते प्रत्येकाला हसून सांगतायत. त्यांच्या बाजूला शाळेतला गोरा मुलगा, तो पण तेच करतोय. रेडमंडी त्याला बाहेरचा म्हणणार. मला असा बाहेरचा एक जण मंडळात द्या, मी त्याला मखरात बसवीन.

रेडमंडी
स्वयंसेवकांबद्दल मी वाईट लिहिलेलंच नाही. माझा आक्षेप हा की परंपरा जशी आहे तशी दाखवा. दुसऱ्याची पालखी शोपीस करू नका. उद्या कोणी आळंदीची पालखी इथल्या मैदानात आषाढ सोडून जानेवारीत काढली तर चालेल का तुम्हाला?

बेलव्ह्यूकर
जशी आहे तशी म्हणजे कधीची? तायकोचंच घ्या. हे जे दहा-बारा जण मिळून वेगवेगळे ढोल वाजवतात, ती पद्धत 1951 च्या आसपास नागानोत दाइहाची ओगुची नावाच्या जॅझ ड्रमरने सुरू केली. त्याआधी ढोल होते, देवळात होते, पण असा ताफा नव्हता. अमेरिकेत 1968 ला सॅन फ्रान्सिस्कोत पहिला गट निघाला, पुढच्याच वर्षी लॉस एंजेलिसच्या एका बौद्ध मंदिरात किन्नर नावाचा, हो, आपलाच किन्नर. अख्ख्या खोडातून कोरलेला ढोल परवडेना म्हणून इथल्या जपानी पोरांनी वाइनच्या जुन्या पिंपांना कातडं ताणून ढोल केले. ते खोटे का? आईबाप छावणीचं नाव काढत नव्हते, ती पोरं पिंपावर हात मारून बोलायला लागली. 1988 मध्ये सरकारने छावण्यांबद्दल माफी मागितली आणि हयात असलेल्यांना प्रत्येकी 20,000 डॉलर दिले, तिथपर्यंत यायला याच पिढीने आवाज केला.

आणि आपला सार्वजनिक गणपती तरी कुठे अनादी आहे, 1893 चा.

मूळपुरुष
1892. भाऊ रंगारी.

पिठलंभाकरी
तो वाद इथे सुरू केलात तर मी धागा सोडून जाईन.

रेडमंडी
पिंपांचं माहीत नव्हतं. चांगलं आहे ते, मान्य. जॅझवाल्याचं पण. किमोनोबद्दल माझं मत बदललेलं नाही, आणि आळंदीचं उत्तर तुम्ही दिलेलं नाही.

बेलव्ह्यूकर
देतो. आषाढात रजा मिळत नाही म्हणून रविवारी दिंडी काढणारे मराठी लोक परदेशात आहेत, आणि मी त्यांच्यात चाललोय. पायात स्नीकर होते. माउली रागावल्याचं जाणवलं नाही.

निशीकासाईची काकू
ताशा आणि कोथरूड, तुमच्यासाठी एक. तोक्योजवळच्या सैतामात कावागोए म्हणून गाव आहे, ऑक्टोबरच्या तिसऱ्या रविवारी आणि त्याच्या आदल्या शनिवारी तिथे रथ निघतात. चौकात दोन रथ समोरासमोर आले की एकमेकांकडे तोंड करून थांबतात आणि दोन्हीवरचे ढोलवाले आपापला ठेका वाजवत राहतात, समोरच्याचा ठेका चुकवायचा आणि आपला सोडायचा नाही. आजूबाजूचे लोक कंदील उंच करून ओरडतात. मी पहिल्यांदा बघितलं तेव्हा अलका चौकात उभी आहे असंच वाटलं. तुमच्याकडे दोन्ही आहेत, समोरासमोर आणा की.

आणि कोजागिरीचं पण बघा. त्यांची शरदातली त्सुकिमी, म्हणजे चंद्र बघायचा सण, जुन्या पंचांगातल्या आठव्या महिन्याच्या पौर्णिमेची, बहुतेक वर्षी आपल्या कोजागिरीच्या महिनाभर आधी येते, पण 2025 ला दोन्ही 6 ऑक्टोबरलाच आल्या. चंद्रासमोर तांदळाच्या पांढऱ्या गोळ्या, गवताचे तुरे आणि उकडलेल्या अळकुड्या ठेवतात. मी बाजूला मसाला दुधाची वाटी ठेवली, शेजारणीने आधी वास घेतला, मग दोन वाट्या प्यायली.

कोथरूड ते कर्कलंड
काकू, मुलीला वाचून दाखवलं. ती म्हणते समोरासमोर वाजवायचं असेल तर ती तायकोच्या बाजूला उभी राहणार. मला वाईट वाटलं, पण चालेल.

ताशा
शनिवारी चारला या, गॅरेजचा वरचा मजला. तुम्ही दोघंही. फोन मी करतोय आत्ता, सरसकट मेसेज नाही. तुमच्या घरचा ढोल आणा, आमच्या एकाचं पान परवा फाटलंय.

कोथरूड ते कर्कलंड
ढोलाची दोरी सैल पडलीय, ताणायला तासभर लागेल. तीनला येतो.