३८४ चा आकडा फॉर्मला लागू नाही
पाहणीला किमान ३८४ जण लागतात आणि आमचा गुगल फॉर्म ४०० जणांनी भरला, म्हणजे नमुना पुरेसा, असं म्हटलं जातं. ३८४ चा तो आकडा (९५ टक्के विश्वासपातळी, ५ टक्के चूक; म्हणजे शंभरपैकी ९५ वेळा उत्तर खऱ्या टक्केवारीच्या ५ अंक इकडेतिकडे) यादृच्छिक, म्हणजे चिठ्ठ्या टाकून केल्यासारख्या निवडीसाठी आहे, व्हॉट्सअ‍ॅपवर फिरवलेल्या फॉर्मसाठी नव्हे. पुण्यातल्या जनता वसाहतीच्या एखाद्या भागात पाहणी करायची तर आधी घरांची यादी करा. १२०० घरांतून १०० हवी असतील, तर १ ते १२ मधली एक चिठ्ठी काढा आणि तिथून दर बारावं घर घ्या. दाराला कुलूप दिसलं म्हणून शेजारच्यांना विचारून मोकळं होऊ नका! ती बहुधा कामावर गेलेल्यांची घरं. तीच गळली तर निष्कर्ष फक्त घरी असणाऱ्यांचे. संध्याकाळी, रविवारी पुन्हा जा. शिवाय ‘पीएमपी (पुण्याची शहर बस) वेळेवर आणि स्वच्छ असते का?’ हे दोन प्रश्न आहेत, वेगळे करा.