रूट कॅनालनंतरचा ठणका: तुमचे अनुभव लिहा

मंगळवारी खालच्या दाढेचं रूट कॅनाल पूर्ण झालं. नस काढली म्हणजे दुखणं संपलं, असं धरून मी निर्धास्त होते. रात्री पोळीचा घास त्या बाजूला गेला आणि डोळ्यांत पाणी आलं. डॉक्टर म्हणाले, नस गेली तरी दाढेला हाडात धरून ठेवणारं मुळाभोवतीचं अस्तर जिवंतच असतं. ते सुजलंय म्हणून चावताना दुखतं, काही दिवसांत उतरेल. ज्यांनी हे सोसलंय त्यांनी कृपया लिहा.

*

माझी कळ आठवड्यानंतरही तशीच होती. सारखं काय विचारायचं, म्हणून एकाच बाजूने जेवत राहिलो. शेवटी गेलो. डॉक्टरांनी दाढांमध्ये निळ्या कागदाची पट्टी धरली, "टकटक चावा" म्हणाले. फिलिंगवर जिऱ्याएवढा गडद ठिपका उमटला. तेवढीच जागा उंच राहिली होती, प्रत्येक घासाचा दाब आधी तिथे. दोन मिनिटं घासलं. दोन दिवसांनी भाकरी खाल्ली! तो आठवडा उगाच काढला, तुम्ही काढू नका.

*

मला आयब्युप्रोफेन दिली होती. जेवून, ठरल्या वेळेला घेतली, कळ यायची वाट पाहिली नाही. आईला किडनीचा त्रास, तिला डॉक्टरांनी फक्त पॅरासिटामॉल दिली. म्हणून दुसऱ्याची गोळी घेऊ नका. आणि लवंग तेलाचा बोळा रात्रभर ठेवू नका, माझी हिरडी पांढरी पडून सोलली.

*

वरची दाढ, मंद ठणका तीन महिने. दुसरीकडे दाखवलं तेव्हा कळलं, त्या दाढेत बऱ्याचदा चौथा कॅनाल, म्हणजे मुळातली नसेची नळी, असतो, फार बारीक; माझा राहून गेला होता. पुन्हा उघडून भरला, मग शांत झालं.

*

गाल सुजला, ताप आला, घास गिळवेना, तर सकाळची वाट बघू नका. माझ्या भावाला रात्रीच हॉस्पिटलात न्यावं लागलं. घरी शेकत बसू नका, हे हात जोडून सांगते.

*

दाढेवर बसवायची कॅप लांबवू नका. माझी दाढ फुटाण्याने उभी चिरली, काढावी लागली.

*

सगळ्यांचे मनापासून आभार. आज चौथा दिवस. ठणका निम्म्यावर आलाय, पण चावलं की एकाच जागी टोचतं. सकाळी फोन करून पट्टी लावून बघायला सांगते.