शैली नंतर, आधी बुंधा बघा

वर्षानुवर्षे नर्सरीच्या कोपऱ्यात पडून राहिलेल्या तुमच्या जुनिपरचं, म्हणजे या सूचिपर्णी झुडपाचं, बोन्साय सरळसोट 'चोक्कान' शैलीत करायचं की खाली झेपावणारं 'केंगाई', हा तुमचा प्रश्न. शेंडा छाटून सरळ वाढवा, असा सल्ला आधीच्या एका उत्तरात आलाय. मला तो पटत नाही.

आधी वरची माती काडीने हळूहळू उकरा. नर्सरीतली झाडं बरेचदा खोल लावलेली असतात. मुळांचा खरा पसारा बोट-दोन बोटं खाली सापडतो आणि तिथे बुंधा चांगला जाड निघतो. तो ज्या बाजूने रुंद दिसेल, ती दर्शनी बाजू धरा.

चोक्कानला बुंधा मुळापासून शेंड्यापर्यंत सरळ आणि निमुळता होत जाणारा लागतो. तुमचा बुडातच कललाय, आणि एवढं जाड खोड तारेने सरळ होत नाही. मुळात करायचं तरी कशाला? तो कलच फार देखणा आहे! कुंडी तिरकी धरून बघा, 'शाकान' (तिरक्या बुंध्याची शैली) किंवा 'हान-केंगाई' (अर्धवट खाली झेपावणारी शैली) लगेच दिसेल. डावीकडच्या वाळक्या फांद्या फेकू नका, साल सोलून 'जिन' करा, म्हणजे उघड्या वाळक्या लाकडाची शोभेची फांदी.

एक मात्र कळकळीने सांगते. जुनिपरच्या फांदीवरची सगळी हिरवी पालवी काढली, तर ती फांदी सहसा पुन्हा फुटत नाही, वाळूनच जाते. त्यामुळे प्रत्येक फांदीवर थोडी हिरवळ राखून छाटा. आणि त्याच हंगामात मुळं कापू नका, कुंडी पुढच्या वर्षी बदला.