विषय: लेकाचा व्ही आणि डब्ल्यू (ऑगस्टमध्ये मँचेस्टरला येतोय)

नमस्कार मंडळी,
आम्ही सध्या ठाण्यात, घोडबंदर रोडला, व्हिसाची वाट बघत बसलोय. मुलगा साडेपाच वर्षांचा, सप्टेंबरला इयर वनमध्ये (तिकडची पहिली) बसेल. त्याचा 'व्हॅन' आणि 'वॉटर'मधला व सेमच येतो, आणि 'थ्री' तिकडे ट्री ऐकू जाईल असं नवरा म्हणतो. इथे एक क्लासवाले ॲक्सेंट करून देतो म्हणतात, फी ऐकून मी बसलेच. लावू का? आणि फोनिक्सची, म्हणजे अक्षरांचे आवाज जोडून वाचायची, टेस्ट असते म्हणे, त्यात नापास केलं तर?

---

अगं, क्लास अजिबात लावू नकोस. मी तिकडे प्रायमरी शाळेत नऊ वर्षं टीचिंग असिस्टंट होते, आता नौपाड्यात परत आलेय, पण ही ईमेल लिस्ट काही सुटत नाही :)

टेस्ट २०१२ पासून आहे. इयर वनच्या शेवटी जूनमध्ये टीचर एकेकाला जवळ बसवून ४० शब्द वाचून घेतात, त्यातले २० तर मुद्दाम बनवलेले, अर्थ नसलेले. कमी पडला तर मदत देतात आणि इयर टूमध्ये परत घेतात, बस. ॲक्सेंट समजून घ्या अशी टीचरना सूचनाच असते.

आपल्या मुलांचं खरं अडतं ते वेगळ्याच ठिकाणी. आपण घरी बाराखडीच्या सवयीने 'क, ॲ, ट' असं शिकवतो, प्रत्येकाच्या शेपटीला अ लावून, मग पोर ते जोडायला गेलं की 'कअॅटअ' होतं आणि कॅट काही सापडत नाही. म्हणून अक्षराचा पाय मोडूनच म्हणायचं, क् ॲ ट्, म् तर नुसतं ओठ मिटून म्म्म्म. एवढं एक जमलं तरी अर्धं काम झालं.

व्हीला वरचे दात खालच्या ओठावर टेकवायचे आणि आवाज काढत हवा सोडायची, माशी गुणगुणल्यासारखी. डब्ल्यूला दात लांब, ओठांचा चंबू, 'उ' म्हणता म्हणता पुढे सरकायचं, उऑटर. आरशासमोर दोन मिनिटं, त्याहून जास्त नको, पोरं वैतागतात. पेन, पिनसाठी तोंडासमोर टिश्यूची पट्टी धर, ती हलली पाहिजे, म्हणजे आपला 'प' थोडासा 'फ'कडे झुकवायचा. आणि टीएचची घाई करू नका, जीभ दातांमध्ये ठेवून फुंकायचं असतं ते, तिकडच्या गोऱ्या पोरांनाही सहा-सात वर्षांपर्यंत धड येत नाही, फ्री म्हणत हिंडतात.

काकू

---

काकूंना अनुमोदन. फक्त घरात मराठीच ठेवा हो, आमच्या थोरलीशी आम्ही आमचं मोडकं इंग्लिश बोलत बसलो, तिचं इंग्लिश शाळेत आपोआप आलं आणि मराठी मात्र गेलं.

---

काकू, थँक यू! काल तलावपाळीला फिरताना सगळ्या पाट्यांवरचे व शोधले, रिक्षावाले बघत होते. टिश्यू अर्धं पाकीट संपलं. व्ही जमतोय, पण आजोबांना पण खेळायचं होतं आणि त्यांनी कवळी काढून ठेवलेली, त्यामुळे त्यांचा व्ही काही येईना. आता लेक त्यांना कवळी लावायला लावतो.