अनुभव धागा : काम चालू असताना कलाकाराच्या स्टुडिओत

डिसेंबरात चेन्नईला भाचीच्या लग्नाला गेले होते. परतीच्या गाडीला अख्खा दिवस हाताशी होता, म्हणून इंजंबाक्कमचं चोळमंडल कलाग्राम गाठलं. १९६६ साली चित्रकार के. सी. एस. पणिक्कर आणि मद्रासच्या कलाशाळेतले त्यांचे विद्यार्थी यांनी समुद्राजवळची ही जागा घेतली. पैसे उभे केले ते बाटिकची कापडं रंगवून, विकून. नुसत्या चित्रांवर पोट भरत नव्हतं. दिवसातले काही तास हातकाम, उरलेले स्वतःच्या चित्रांना, असं ठरवून ही माणसं तिथं राहायला आली आणि घरंही त्यांनी तिथंच बांधली.

मद्रासच्या या कलाचळवळीचं संग्रहालय तिथं आहे, ते जरूर बघा. पण मला सांगायचंय ते मागच्या एका घराच्या पडवीतलं. एक शिल्पकार वाळूच्या पोटलीवर तांब्याचा पत्रा ठेवून लाकडी हातोड्यानं ठोकत बसले होते. मी दाराशी उभी. त्यांनी मान वर न करता हातानंच ‘बसा’ म्हणून खूण केली. तापवलेल्या पत्र्यावर आधी केशरी आणि मग जांभळी झाक पसरत गेली, ते अगदी जवळून पाहिलं. अर्ध्या तासानं त्यांनी त्यातला वीतभर तुकडा कापला आणि भिंतीकडच्या ढिगात टाकला. “वाया गेला का?” मी विचारलं. ते उठले, ढिगातून एक हिरवा पडलेला जुना तुकडा काढला आणि समोरच्या अर्धवट पक्ष्याच्या मानेशी धरून दाखवला. चपखल बसत होता. किती वर्षं तिथं पडून होता, त्यांनाही आठवत नव्हतं.

प्रदर्शनात हा ढीग आपल्याला कधी दिसत नाही, म्हणून हा धागा काढते आहे. कलाग्राम असो, निवासी कलाकेंद्र असो, की आपल्याच गावातलं एखाद्या चित्रकाराचं घर असो, काम चालू असताना तुम्ही आत गेला असाल तर लिहा. काय बघितलंत ते नीट सांगा.

नागपूरहून

बँकेच्या नोकरीत तीन वर्षं भोपाळला काढली. मोठ्या तलावाच्या उतारावरचं भारत भवन घरापासून जवळ होतं. चार्ल्स कोरियांनी बांधलेली ही वास्तू १९८२ साली सुरू झाली. ओळखीच्या एका चित्रकारामुळे तिथल्या छापचित्रांच्या कार्यशाळेत जायला मिळालं आणि मग मी जातच राहिलो.

शिळाछाप म्हणजे काय, हे मला पन्नाशीत कळलं. गुळगुळीत घासलेल्या चुनखडीच्या दगडावर तेलकट खडूनं चित्र काढायचं. तेल आणि पाणी मिसळत नाही, एवढ्या एका गोष्टीवर पुढचं सगळं चालतं. दगड ओला करून वरून शाईचा रूळ फिरवला की शाई रेषेवर बसते, बाकीचा दगड कोरा राहतो. कागद टाकून दाब दिला की चित्र उलटं उमटतं, म्हणून अक्षरं दगडावर उलटीच लिहावी लागतात. आमच्या ओळखीचे गृहस्थ देवनागरी उलटं इतकं सहज लिहायचे, की मी बघतच राहायचो. आजीच्या देवघरात रविवर्मा छापखान्यातली लक्ष्मी होती. तीसुद्धा अशाच दगडांवरून, एकेका रंगाला वेगळा दगड वापरून आली होती, हे तिथं उभं राहून उमगलं.

ज्या गोष्टीनं सर्वांत हललो ती पुढची. प्रती काढून झाल्या की वाळू आणि पाणी घालून दुसऱ्या दगडानं तोच दगड घासायचा. चित्र पुसून जातं आणि दगड पुढच्या माणसाला मिळतो. पाटणगढचा गोंड चित्रकार जनगढ सिंह श्याम हा चित्रकार जगदीश स्वामीनाथनांच्या बोलावण्यावरून भोपाळला आला आणि याच ग्राफिक विभागात काम करू लागला. त्याच्या हाताखालून गेलेल्या दगडांवर पुढे किती जणांनी काम केलं असेल, हा विचार माझ्या मनातून जात नाही.

कुडाळहून

आमच्या सावंतवाडीच्या राजवाड्यात गंजिफा, म्हणजे खेळायचे जुन्या पद्धतीचे पत्ते, हातानं रंगवतात, तिथं मुलीला घेऊन गेले होते. दशावतारी गंजिफाची पानं १२०, प्रत्येक अवताराची बारा, सगळी गोल. रंगवणाऱ्या बाईंचा कुंचला इतका बारीक, की टोक दिसेना. मुलगी पानामागून पान बघत सुटली, तशी त्या म्हणाल्या, “घाई करू नको गो बाय. डोळ्यांक सवय होऊंदे.” मग त्यांनी एकच पान तिच्या हातात दिलं, मत्स्याचं. तिनं पाच मिनिटं तेच बघितलं. घरी आल्यावर बशी ठेवून गोल काढला आणि मासा काढायला बसली.

पुण्याहून, दाराच्या आतल्या बाजूनं

मी मातीकाम करते. अहमदाबादला कनोरिया कला केंद्रात काही महिने राहून काम केलं. केंद्र १९८४ सालचं, बाळकृष्ण दोशींच्या विटांच्या इमारतीत. शेजारी चित्रकार हुसेनांची गुंफा, म्हणजे गुहेसारखं कलादालन, असल्यामुळे तिकडे आलेले लोक आमच्याकडेही डोकावायचे.

एकदा एका पाहुण्यांनी फळीवरचा कप कानाला धरून उचलला आणि कान हातात आला. कप वाळलेला होता, पण भट्टीत गेला नव्हता. कच्चं भांडं दिसायला पक्क्यासारखंच दिसतं आणि बिस्किटासारखं मोडतं. त्यांना ठाऊक असण्याचं कारण नव्हतं. पण ते गडबडीत काही न बोलता निघून गेले, त्याचं वाईट वाटलं. थांबले असते तर सांगितलं असतं की मोडलेली कच्ची माती पाण्यात टाकली की पुन्हा चिखल होतो, पुन्हा चाकावर चढते. काहीच बिघडलं नव्हतं.

म्हणून एवढीच विनंती: हात लावण्याआधी विचारा. फोटो काढण्याआधीही विचारा, अर्धवट काम लोकांसमोर गेलेलं आम्हाला नेहमी चालतंच असं नाही. “याला किती वेळ लागला?” हा प्रश्न मात्र खुशाल विचारा. तो ऐकून कंटाळा येतो असं लोकांना वाटतं. मला कधीच आला नाही.

व्हर्जिनियाहून

अलेक्झांड्रियाला पोटोमॅक नदीच्या काठावर टॉर्पेडो फॅक्टरी आहे. दुसऱ्या महायुद्धात तिथं खरोखरच पाणतीर बनायचे, त्यातला एक आत मांडून ठेवलाय. १९७४ पासून तिथं कलाकारांचे स्टुडिओ आहेत. तीन मजले, मोठ्या काचा, आत यायला पैसे नाहीत.

आई साताऱ्याहून आली होती. कंटाळेल या भीतीनं मी तिला भराभर पुढे नेत होते. कापडाचं काम करणाऱ्या एका बाईंच्या स्टुडिओपाशी ती थांबली ती हलेचना. भिंतीवर तुकडे जोडून शिवलेलं मोठं कापड टांगलं होतं. आई मला म्हणाली, “विचार त्यांना, मागून बघू का?” मी विचारलं. त्या बाईंनी हातातलं काम खाली ठेवलं, कापड खुंटीवरून काढलं आणि टेबलावर पालथं घातलं.

आईनं चष्मा लावून धावदोरा बोटानं चाचपला. एके ठिकाणी थांबली. “इथं दोरा संपलाय, नवा घेतलाय. गाठ मारली नाही, आत दडवलाय.” मी इंग्रजीत सांगितलं. त्या बाई हसल्या, खुर्ची ओढून आईला बसायला दिली आणि चालू असलेल्या कामाची कड तिच्या पुढ्यात सरकवली. आईनं पर्समधून स्वतःची सुई काढली. ती तिच्याजवळ नेहमी असते. मी खाली नदीवर जाऊन कॉफी पिऊन आले, तरी दोघी मान खाली घालून शिवतच होत्या.